राजधानीचा रोजमुरा

कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण अभिमानाने माहिती देतो. काम १८७७ साली सुरू झाले, १८८४ साली पुरे झाले, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. पाहुणा मान वर करून घड्याळाचा मनोरा पाहतो, काळ्या दगडाची घडण पाहतो आणि खूश होऊन पुढे महालक्ष्मीच्या दर्शनाला जातो. एक प्रश्न मात्र तोही विचारीत नाही आणि आपणही काढीत नाही. हा दगड ज्यांनी घडवला, ज्यांनी तो डोक्यावरून वाहिला, त्यांना दिवसाकाठी काय मिळत होते?

हा प्रश्न कोतेपणाचा नाही. राजधानी म्हणजे नुसते सिंहासन नव्हे. राजधानी म्हणजे कचेऱ्या, पागा, हत्तीखाना, कोठ्या, रस्ते, तलाव आणि या सगळ्यांसाठी लागणारे हजारो हात. वारणेच्या तहाने १७३१ साली करवीरचे राज्य वेगळे ठरले. अठराव्या शतकाच्या अखेरीस गादीचे ठाणे पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आले आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हे शहर राजधानी होते. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ या गावातला सगळ्यांत मोठा धनी खुद्द सरकार होते. अशा गावात मजुरीची गोष्ट ही बाजाराचीच नसते. राज्याच्या नीतीचीही असते.

जुन्या कागदपत्रांत ‘रोजमुरा’ असा शब्द येतो. शिपायांना, चाकरांना जे वेतन बांधून दिलेले असे, ते रोजमुरा. शब्दात ‘रोज’ आहे, पण तो दररोज हाती पडे असे मात्र नव्हे! या रोजमुऱ्याचे पुढे काय काय होत गेले, तेवढेच आज पाहू.

आधी मापाचे ठरवू. मजुरी कशाने मोजायची? तुम्ही म्हणाल, रुपयांनी. पण रुपया हे मोठे फसवे माप आहे. आजोबा सांगतात, ‘आमच्या वेळी आठ आणे रोज होता,’ आणि नातू हसतो. दोघांपैकी कुणीच असे विचारीत नाही, की त्या आठ आण्यांत ज्वारी किती येत होती.

याचे एक जुने आणि बोलके उदाहरण आहे. अकबर बादशहाच्या दरबारी अबुल फजल याने ‘आइन-ए-अकबरी’ लिहिली. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला हा ग्रंथ. त्यात बादशाही कामावरच्या माणसांचे दर दिले आहेत. चाळीस दामांचा एक रुपया. साध्या मजुराला दिवसाला दोन दाम. पहिल्या प्रतीच्या सुताराला सात दाम. आता दोन दाम म्हणजे रुपयाचा विसावा हिस्सा. ऐकून वाटते, बिचाऱ्याचे कसे भागत असेल! पण त्याच ग्रंथात धान्याचे भावही आहेत. मणभर ज्वारीला दहा दाम, मणभर गव्हाला बारा. अकबरी मण आजच्या अदमासे पंचवीस किलोंचा. म्हणजे दिवसाच्या मजुरीत पाच किलो ज्वारी, किंवा चार किलोंहून थोडा अधिक गहू. हे दर सरकारी यादीतले आहेत. प्रत्यक्ष हातात किती पडे, मुकादमाच्या मुठीत किती राहे, हे यादी सांगत नाही. तरी माप म्हणून पाच किलो ज्वारी लक्षात ठेवा. आपल्याला ती शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता दुसरे उदाहरण घ्या, खास कोल्हापूरचे. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या छावणीत सत्ताविसाव्या देशी पलटणीने बंड केले. त्या बंडाची कारणे अनेक आहेत आणि ती आजचा विषय नव्हेत. पण त्या पलटणीतल्या शिपायाचा पगार काय होता? कंपनी सरकारच्या पायदळातल्या शिपायाला दरमहा सात रुपये मिळत. खाणे त्याचे त्याने पाहायचे. हे सात रुपये त्याच्या बापालाही मिळत होते आणि बंड मोडल्यानंतर त्याच्या मुलालाही सातच मिळाले. १८९५ साली त्याचे नऊ झाले, १९११ साली अकरा. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे सोने झाले, १८६० नंतर मुंबई इलाख्यात सगळ्याच वस्तूंचे भाव चढले, गवंड्या-सुतारांचे रोज वाढले. शिपायाचे सात रुपये मात्र खांबासारखे उभे. कागदावर पगार तोच, पण ताटातली भाकरी दरसाल थोडी लहान. मजुरी कमी न करताही ती कशी कमी करता येते, याचा हा धडा!

मग आमचे जुने लोक शहाणे होते असे म्हणायचे का? कारण त्यांच्याकडे मजुरी नाण्यात नव्हतीच. ती धान्यात होती, जमिनीत होती. सुगी आली की खळ्यावर सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग आपापला वाटा न्यायला येत. कुणाला पेंड्या, कुणाला सुपाने धान्य. हे बलुते. भाव चढो की पडो, पेंडी ती पेंडीच. महागाईचा वारा त्या वाट्याला लागत नसे.

राज्याच्या चाकरीचेही तेच. किल्ल्यावरच्या गडकऱ्याला गडाखालची जमीन. ती कसावी, खावी आणि गड राखावा. या पद्धतीतला धोका जाणत्या माणसांनी ओळखला नव्हता असे नाही. करवीरच्या राज्याचे अमात्य, बावड्याचे रामचंद्रपंत, यांनी ‘आज्ञापत्रा’त या बाबतीत राजाला स्पष्ट इशारा दिला आहे. चाकरीबद्दल वेतन मिळतेच; मग चाकरी चांगली केली म्हणून कायमची वृत्ती, जमीन तोडून देत गेलो तर राज्यच उरणार नाही, असा त्यांचा आशय. अमात्यांची नजर खजिन्यावर होती. पण जमिनीच्या रूपातल्या वेतनाची दुसरी बाजूही आहे आणि ती चाकरी करणाऱ्याच्या अंगाने पाहिली म्हणजे दिसते. जमीन त्याला पोटापुरते देते, पण त्याला आणि त्याच्या पोरानातवंडांना त्या चाकरीला बांधूनही टाकते. आणि वरच्याच्या मनात आले, की पायाखालची जमीनही जाते.

तेच १८४४ साली घडले. इंग्रजांच्या देखरेखीखाली दाजी कृष्ण पंडितांचा कारभार सुरू झाला आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात देण्याचा हुकूम निघाला. सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड उठला, वणवा पन्हाळ्यापर्यंत गेला. आपण याला गडकऱ्यांचे बंड म्हणतो, तोफा आणि तट यांचे वर्णन करतो. पण त्याच्या मुळाशी काय होते? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रोजमुरा एका हुकुमाने हातातून जाणार, ही भीती. वाचकहो, एवढ्यापुरते बोलायचे तर ते वेतनाचेही भांडण होते.

यानंतरचा प्रसंग कोल्हापूरच्या राजवाड्याची पायाभरणी झाली त्याच वर्षाचा, पण तो घडला शेजारच्या इंग्रजी मुलखात. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ. दख्खनमध्ये सरकारने दुष्काळी कामे काढली. हजारो माणसे खडी फोडायला, तलाव खणायला आली. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले आणि त्यांनी हिशेब मांडला, की माणसाला रोज एक पौंड धान्य पुरते. एक पौंड म्हणजे अदमासे अर्धा शेर! त्यावर थोडीशी रोकड. या मापाने मजुरी कापली गेली तेव्हा एक विलक्षण गोष्ट झाली. उपाशी माणसांनी कामच सोडले. टोळ्याच्या टोळ्या खडीचे ढीग तसेच टाकून निघून गेल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. संपांच्या इतिहासात या संपाला कुणी पहिल्या पानावर बसवीत नाही. पण पोट पाठीला लागलेले असताना ‘एवढ्यावर काम करणार नाही’ असे म्हणायला जी छाती लागते, ती पुढच्या कुठल्या संपाहून कमी नव्हती. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाने अहवाल दिला आणि दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत मजुरी धान्याच्या भावाबरोबर चढती-उतरती ठेवण्याचे तत्त्व आले. म्हणजे खळ्यावरच्या पेंडीतले शहाणपण सरकारी कागदावर उतरले. मात्र त्यासाठी माणसे मरावी लागली.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापुरात आगगाडी आली. १८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरीची व्यापारपेठ वसू लागली. गुळाचे रवे वखारीत येऊ लागले, हमाल लागले, गाडीवान लागले, दिवाणजी लागले. २७ सप्टेंबर १९०६ रोजी कापडगिरणीचा पाया घातला गेला. १९०१ च्या शिरगणतीत या राजधानीची वस्ती चोपन्न हजार तीनशे त्र्याहत्तर भरली होती. आजच्या मानाने हे गाव लहान. पण गिरणीच्या भोंग्याने त्याच्या मजुरीचे व्याकरणच बदलले. आता ‘रोज’ मागे पडून ‘पगार’ आला.

हा बदल किरकोळ नव्हे. रोजंदारीवाल्याचे हातावर पोट. पाऊस आला, काम बंद, चूल बंद. पगारवाल्याला महिन्याची खात्री. पण त्या खात्रीतही एक मेख असते, ती म्हणजे पगार कोणत्या तारखेला मिळणार? मुंबईच्या गिरण्यांत केलेल्या कामाचा पगार हाती यायला इतका उशीर होई, की मधल्या दिवसांत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज दोन्ही चढत. म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज केला, त्यात रविवारच्या सुटीबरोबर पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशीही मागणी होती. पाहा, पगार वाढवा असे ते तिथे म्हणत नव्हते. आहे तो वेळेवर द्या, एवढेच! उशिरा दिलेला पगार हा सावकाराशी वाटून घेतलेला पगार असतो, हे लोखंड्यांना पक्के ठाऊक होते.

आणि पगार कुणाला? राजधानीत सरकारी नोकरीचा पगार हा सर्वांत खात्रीचा. तो कोणत्या घरांत जात होता, हे शाहू महाराजांनी पाहिले आणि २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आपण हा हुकूम सामाजिक न्यायाचा म्हणून शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण मजुरीच्या इतिहासातही त्याची नोंद हवी. कारण मजुराचा रोज एखाद्या आण्याने वाढवणे ही एक गोष्ट आणि मजुराच्या मुलाला दरमहा पगाराच्या खुर्चीपर्यंत पोचवणे ही दुसरी. १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. हा रुपया लहान नव्हता. गुरे राखून, शेण-गोवऱ्या गोळा करून ते मूल घराला जे मिळवून देत होते, त्याच्या समोरच्या पारड्यात तो रुपया ठेवलेला होता.

आता मी ज्या गोष्टीकडे यायचे म्हणून इतका वेळ चाललो आहे, तिथे येतो. ती म्हणजे वेठ.

आतापर्यंत आपण थोड्या मजुरीबद्दल बोललो, उशिराच्या मजुरीबद्दल बोललो. वेठ म्हणजे मजुरीच नाही! अधिकाऱ्याचा मुक्काम गावात पडला, की त्याचे सामान पुढच्या मुक्कामाला न्यायला माणूस हवा. सरपण हवे, वैरण हवी, निरोप घेऊन जायला पाय हवेत. चावडीवरून बोलावणे आले की निघायचे. त्या दिवशी स्वतःच्या रानात पेरणी असो, घरात कुणी आजारी असो, विचारणारे कोण? हा भार सगळ्यांवर सारखा नव्हता. त्याचा सगळ्यांत जड हिस्सा महारांच्या डोक्यावर होता. त्यांच्याकडे वतनाची जमीन आहे ना, मग राबायला काय झाले, असा त्यामागचा हिशेब. ती जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटली जाऊन केवढी उरली आहे आणि त्यापोटी दिवसरात्र किती माणसे राबताहेत, हा हिशेब मात्र कुणी मांडीत नसे.

आपली भाषा मोठी इमानी आहे. नावडते काम कसेतरी उरकण्याला आपण ‘वेठ वळणे’ म्हणतो आणि कुणाला अडवून राबवण्याला ‘वेठीला धरणे’. शतकानुशतके फुकट राबलेल्या माणसांचा निषेध या दोन वाक्प्रचारांत साठून राहिला आहे. ज्याच्या कामाला मोल नाही, त्याने ते मन लावून का करावे?

१९१८ साली करवीर राज्यात महार वतन रद्द झाले आणि त्या जमिनी त्या त्या कुटुंबाच्या नावावर रयताव्याने करून देण्यात आल्या. त्याच साली बलुतेदारीची सक्ती मोडली. १९२० साली वेठबिगार बंद करण्याचा हुकूम निघाला. माणूस कामाला लावायचा तर त्याला मजुरी द्यायची. तो नाही म्हणाला तर सक्ती करायची नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मजुरीचे आलेख असतात. रेषा वर जाते, खाली येते. पण त्या आलेखांत एक बिंदू सहसा दाखवीत नाहीत आणि तो म्हणजे शून्य. दोन आण्यांचे तीन आणे झाले तर आपण म्हणतो, दीडपट वाढ. शून्याचे दोन आणे झाले तर ती किती पट? गणित तिथे हात टेकते. या राजधानीच्या सबंध इतिहासात मजुरीची सर्वांत मोठी वाढ कोणती, असे मला विचाराल, तर ती गिरणीत झाली नाही, पेठेत झाली नाही, युद्धाच्या तेजीत झाली नाही. ती वेठ बंद झाली त्या दिवशी झाली. त्या दिवशी हजारो माणसांच्या वेळेला पहिल्यांदा किंमत आली.

याचे मोल समजायचे असेल तर शेजारी पाहा. मुंबई इलाख्यात हेच करावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. त्याचे म्हणणे साधे होते. महाराला राबवता ना? मग सरकारने त्याला नक्त वेतन द्यावे, बलुत्याच्या भाकरीवर आणि गावाच्या मर्जीवर त्याला सोडू नये. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली आणि अमलात आला १ ऑगस्ट १९५९ पासून. कोल्हापुराहून चाळीस वर्षे उशिरा!

पण इतिहासाच्या मास्तराने एकाच बाजूने बोलून चालत नाही. नाणे हाती आले, मोकळीक आली, आणि त्याचबरोबर महागाईही दारात आली. तो काळ पाहा. पहिले महायुद्ध, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, आणि भाव आकाशाला. मुंबईत जुलै १९१४ चा कामगाराचा घरखर्च १०० धरला, तर १९२० साली तो जवळजवळ दुपटीला पोचला होता. बलुत्याच्या पेंडीला महागाई लागत नव्हती. नाण्याला ती लागते. ज्याने गावकीचा जाच सोडला, त्याला बाजाराचा जाच नवा होता. काही म्हातारे बलुतेदार जुन्या पद्धतीची आठवण काढून हळहळत, ती केवळ अंधश्रद्धा नव्हती. त्या पद्धतीत लाचारी होती, पण भाकरी होती. आता प्रश्न असा होता, की लाचारी न आणता भाकरीची हमी कशी द्यायची?

याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावात शोधले गेले. १९१९ आणि १९२० सालच्या मोठ्या संपांनंतर, १९२१ साली, मुंबई सरकारने कामगार कचेरी काढली आणि राहणीखर्चाचा निर्देशांक दरमहा छापू लागले. निर्देशांक म्हणजे काय? कामगाराच्या घरात महिन्याला लागणारे धान्य, डाळ, तेल, सरपण, कापड, भाडे यांची एक टोपली कल्पायची आणि दर महिन्याला तिची किंमत पाहायची. दुसऱ्या महायुद्धात याच आकड्याला महागाई भत्ता जोडला गेला. टोपली महागली की भत्ता वाढला. नीट पाहिले तर ही खळ्यावरची पेंडीच आहे. फक्त ती आता मिंधेपणाने पदर पसरून घ्यायची नाही, हक्काने पगारपत्रकावर सही करून घ्यायची!

कोल्हापुरात याच सुमारास मजुरीला आणखी एक तोंड फुटत होते, ते कसबाचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आणि पुढे १९२९ साली इथेच निघालेल्या प्रभात कंपनीत सुतार, रंगारी, शिंपी, कॅमेऱ्याची दुरुस्ती करणारे मिस्त्री असे नवे पगारदार तयार झाले. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली, पण यंत्राला हात लावायची भीती गेलेली माणसे इथेच राहिली. पुढे उद्यमनगरात ऑइल इंजिने झाली, ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या. अकबराच्या यादीत पहिल्या प्रतीचा सुतार साध्या मजुराच्या साडेतीनपट मिळवी. उद्यमनगराने आमच्या पोरांना तीच गोष्ट नव्याने शिकवली, की हातात कसब आले म्हणजे रोज ठरवताना आपणही दोन शब्द बोलू शकतो.

मग एका वर्षाच्या आत दोन गोष्टी घडल्या. मार्च १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला आणि मार्च १९४९ मध्ये कोल्हापूरचे राजधानीपण संपले. हा योगायोगच. पण त्यात एक अर्थ दिसतो. आजवर मजुरीची काळजी करायची की नाही, हे गादीवर कोण बसले आहे त्यावर ठरत होते. शाहू महाराज होते म्हणून वेठ गेली. आता ती काळजी कायद्याने घ्यायची, राजाच्या मोठ्या मनावर सोपवायची नाही. पुढे १९६५ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. टेंपलसाहेबांच्या अर्ध्या शेरापासून कामाच्या हक्कापर्यंत यायला शंभर वर्षे लागली.

आता ती पाच किलो ज्वारी काढू. २०२४-२५ साली महाराष्ट्रात राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्याच साली संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,३७१ रुपये होती. भागाकार करा. पावणेनऊ किलोंच्या थोडे वर. दुकानातला भाव आधारभूत किमतीहून चढाच असतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीच धरा. सव्वाचारशे वर्षे, आगगाडी, वीज, स्वराज्य, आणि ज्वारीच्या मापाने सर्वांत खालच्या मजुराची वाढ दुपटीलाही पोचत नाही! ज्वारी म्हणजे काही सगळे जगणे नव्हे. आज मजुराच्या मुलाला शाळा आहे, लस आहे, दवाखाना आहे. अकबराच्या मजुराला यांतले काही नव्हते. तरीपण हा भागाकार विसरण्यासारखा नाही.

आणि शून्य? ते खरोखरच संपले का? दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात झोपड्यांची गावे उठतात. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ऊसतोडणीला माणसे येतात. त्यांची मोजणी माणशी होत नाही. ती ‘कोयत्या’वर होते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मजुरी टनावर, उचल आधीच घेतलेली, आणि व्यवहार बहुधा मुकादम आणि नवरा यांच्यात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचे ठरले, चांगलेच झाले. पण पहाटे फडात जाऊन मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी, आणि परत येऊन चूल पेटवणारी जी बाई, तिच्या स्वतःच्या नावावर किती रुपये पडले? समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली झाला. पण जिथे दोघांची मिळून एकच मोजणी होते, तिथे समान कशाशी करायचे? तिचा आकडा कुठल्या वहीत वेगळा लिहिलेलाच नाही. तो कोयत्याच्या आकड्यात बुडून गेला आहे.

म्हणून मजुरीचा इतिहास वाचताना दर किती टक्क्यांनी वाढला एवढेच पाहून थांबू नये. तो दर धान्यात किती भरतो, वेळेवर मिळतो का आणि कुणाच्या हातात पडतो, हेही विचारावे. आणि सर्वांत आधी पाहावे, की जो राबतो त्याचे, जी राबते तिचे नाव हजेरीच्या वहीत आहे का. १९२० साली या राजधानीने एका हुकुमाने ते नाव वहीत चढवण्याची सुरुवात केली. राजधानी गेली, संस्थान गेले. पण ते काम अजून पुरे व्हायचे आहे.